शनिवारचे गोल

१२ ऑक्टोबर
तिन्तीलिया द्राक्षांची शेवटची टोपली काल उतरवली. सगळी द्राक्षं मिळून पिंप एकच भरेल. गेल्या वर्षी दोन भरली होती. पण कविता काय कडवी मोजून जोखतात?
लोरेदाना काम्पोबास्सोहून आली होती. मुलगी माझी, पण सूर हेडमास्तरांचा. म्हणाली, बाबा, आई गेल्यावरचा हा पहिला हंगाम. ईस्टरला वाईन पिण्यासारखी निघाली तर वेली राहतील. नाहीतर मळा निकान्द्रोकाकांना, ते ऑलिव्ह लावतील. मी म्हटलं, कबूल. चाळीस वर्षं पोरांना कविता शिकवली, एक पिंप सांभाळणं काय अवघड?

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
सान मार्तीनो, नवी वाईन चाखायचा दिवस. झकास जमलीय! पिंप काठोकाठ. शेजारचा निकान्द्रो दोन पेले उडवून म्हणाला, मास्तर, आता हिला फार हात लावू नका. जळतो बिचारा.
संकल्प : रोज एक छोटा पेला, तपासणीपुरता. आणि वाईनला रोज एक कविता.
पिंपाच्या वर, भिंतीला, बायकोचं, इंकोरोनाताचं, शेवटचं कॅलेंडर अजून आहे. दर शनिवारी तिच्या पेन्सिलीचा एक बारीक गोल. शनिवारी ती तळघरात उतरायची आणि मी जिन्यावर उभा राहून कविता म्हणायचो. कधी वाहवा केली नाही तिनं. पण नोंद ठेवायची!

९ डिसेंबर
गुडघा. तळघराच्या अठरा पायऱ्या. म्हणून आज दोन पेले तपासले, उद्याची खेप वाचली. (उद्या गेलो तर एकच.)
पिंपाच्या वरच्या भागावर टकटक केली की पोकळ आवाज येतो. तोंडाशी म्हटलेली कविता आत काय सुंदर घुमते!

१७ जानेवारी
सांत अन्तोनिओचा सण, गावची शेकोटी. निकान्द्रोनं सगळ्यांदेखत विचारलं, मास्तर, पिंप भरताय ना? म्हटलं, भरलेलंच आहे. जवळजवळ. तो म्हणाला, जवळजवळ तर मीसुद्धा बिशप आहे. लोक हसले. कवितेची जाण नाही या गावाला.

२४ फेब्रुवारी
वाईनवर पांढरी, नाजूक साय आलीय. नवरीच्या तोंडावरची जाळीच! ओळ सुचली, यमक नाही. वास किंचित नेलपॉलिशचा. इंकोरोनातानं लग्नात लावलं होतं, तसा. डोळ्यांत पाणी आलं. वासानंही असेल.

९ मार्च
गाळ सोडून वाईन दुसऱ्या पिंपात काढायची तर उतरता चंद्र हवा. तिच्या कॅलेंडरात पाहिलं, आजच. कॅलेंडर जुनं, पण चंद्र तोच ना? काढली. फार दमलो. वर आलो तर डोंगरावर चंद्र, चांगला ताटाएवढा. हल्ली चंद्राचाही भरवसा नाही.

२० एप्रिल, ईस्टर
कोकरू उत्तम होतं.
मी उभा राहून दोन कडवी म्हटली. सगळ्यांनी पेले उचलले. लोरेदानानं घोट तोंडात धरला, गिळेना. मग उरलेला पेला सॅलडवर ओतला. निकान्द्रोनं सॅलड दोनदा घेतलं.
मग तो माझ्याबरोबर तळघरात उतरला. कॅलेंडर बघून त्यानं टोपी काढली. म्हणाला, बाई पक्की होती हो, एक शनिवार चुकवला नाही. मी म्हटलं, हो ना, कविता फार आवडायची तिला. म्हणाला, कसली कविता, मास्तर? पिंपातली वाईन आपोआप कमी होते. दर शनिवारी तेवढी वरून घालून काठोकाठ करायची आणि गोल काढायची ती. हवा शिरली की व्हिनेगर. अख्ख्या गावाला ठाऊक आहे.
लोरेदाना रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. भांडी घासता घासता म्हणाली, बाबा, काकांना मंगळवारी यायला सांगितलंय.
सगळे गेल्यावर परत अठरा पायऱ्या उतरलो. निकान्द्रो काहीही बोलतो, म्हणून स्वतः कॅलेंडर तपासलं.
त्या वर्षी ऑगस्टात मी दोन आठवडे तेर्मोलीला बहिणीकडे होतो.
त्या दोन्ही शनिवारी गोल आहेत.