दोन पॅलेटांचं बेट

ग्रँड मनान, न्यू ब्रन्सविक
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय गौरांगी,

तुला प्रमोशन मिळाल्याचं वीणाने फोनवर सांगितलं. पूर्व कॅनडातल्या इतक्या दुकानांसाठी काय खरेदी करायचं हे आता तू ठरवणार, याचा तुझ्या आईला, वीणाला, जितका अभिमान आहे तितकाच मला, तिच्या थोरल्या बहिणीलाही आहे. आमच्याकडची बातमी मात्र वेगळी आहे. इटलीतल्या अब्रुत्झोच्या ज्या छोट्या कारखान्यातून गेली चार वर्षं आमच्या पास्त्याच्या दुकानाचा सगळा माल येतो, त्यांनी यापुढे आम्हाला माल देता येणार नाही असं कळवलं आहे. कॅनडासाठी त्यांनी एका मोठ्या कंपनीशी एक्सक्लुझिव्ह करार केला आहे. शेल्फवरचा आणि वाटेत असलेला शेवटचा माल धरून फार तर फेब्रुवारीपर्यंत पुरेल. त्यानंतर दुकान चालवायचं की कुलूप लावायचं, हा प्रश्न आमच्यासमोर उभा आहे. तुझे काका म्हणाले, "उमा, आता पुरे. किचनरला गौरांगीच्या जवळ एखादा कॉन्डो बघू." मी त्यांना चहा करून दिला आणि कामाला लागले.

तू खरेदीच्या धंद्यातली, म्हणून क्रमाने सांगते. मोठ्या बाजाराला भागून छोटा बाजार मिळत नाही, हे मलाही निवृत्तीनंतर इथे आल्यावरच कळलं. या बेटावर जेमतेम अडीच हजार माणसं राहतात. फेरीने दीड तास लागतो आणि वारा उलटला की फेरीच येत नाही. अशा ठिकाणी पास्ता किती लागतो? वर्षाला बरोबर दोन पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांवर छातीइतक्या उंच रचलेल्या खोक्यांच्या दोन थप्प्या. एक वसंतात येते आणि दुसरी नोव्हेंबरात लॉब्स्टरचा हंगाम सुरू होण्याआधी, कारण तेव्हा बोटीवरच्या माणसांना पहाटे पोटभर आणि झटपट शिजणारं काहीतरी हवं असतं. माल हॅलिफॅक्सला उतरतो, कस्टम्समधून सुटतो, ट्रकने धक्क्यावर येतो. पाकिटांवर फक्त इटालियन मजकूर असल्यामुळे प्रत्येकावर इंग्रजी आणि फ्रेंच लेबल लावावं लागतं. ते काम काकांचं. तीस वर्षं धरणांची डिझाइन्स केलेला हा माणूस डायनिंग टेबलावर फूटपट्टी घेऊन बसतो आणि लेबल दोन मिलिमीटर तिरकं गेलं तर सोलून पुन्हा लावतो.

पहिले सहा महिने कोणी फिरकलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी सामुदायिक जेवण असतं. ते रांधणारी शर्ली मला स्पष्टच म्हणाली, "उमा, डिअर, मॅकरोनी इज मॅकरोनी!" मला हसू आलं, कारण एम.एस्सी.साठी तू सस्काटूनला आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आलीस, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अगदी हेच म्हणाली होतीस. "मावशी, पास्ता इज पास्ता, कशाला एवढं लेक्चर?" तेव्हा तुला दाखवलं तेच मी शर्लीला दाखवलं. शिजणाऱ्या स्पॅगेटीचा एक धागा काढून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबला. मधोमध पांढरी रेघ दिसली. ती रेघ म्हणजे अजून पाणी न पोचलेला स्टार्च. दर अर्ध्या मिनिटाला एक धागा दाबत जायचं. रेघ नाहीशी झाली, तो क्षण नेमका शिजल्याचा. मग स्वस्त पास्त्याची आणि आमच्या पास्त्याची परीक्षा शेजारी शेजारी ठेवून घेतली. स्वस्त पास्ता गरम हवेत काही तासांत वाळवतात. आमचा पन्नास अंशांखाली दोन दिवस वाळतो, त्यामुळे त्यातल्या प्रथिनांची जाळी शाबूत राहते आणि पास्ता पाण्यात लगदा होत नाही. पितळी साच्यातून निघाल्यामुळे त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, म्हणून रस्सा त्याला धरून राहतो. शर्लीने शंभर माणसांना वाढून झाल्यावर पातेल्यात राहिलेला पास्ता तासाभराने पुन्हा चाखला आणि म्हणाली, "ऑल राइट, टीचर." त्या शनिवारपासून आमचं दुकान चाललं.

हे सगळं तुला पाठ आहे, हे मी जाणून आहे. सस्काटूनच्या त्या दोन हिवाळ्यांत तू वह्या भरून टिपणं काढलीस. सस्काटूनभोवतीच्या आपल्याच प्रेअरीच्या मैदानांवरचा, पास्त्यासाठीचा कठीण ड्युरम गहू समुद्र ओलांडून इटलीला जातो आणि त्यातला काही पास्ता होऊन परत येतो, हे ऐकून तू टाळ्या पिटल्या होत्यास. विद्यापीठात धान्यविज्ञान शिकवलं त्या सगळ्या वर्षांत इतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नाही.

तर, मी कामाला लागले. तीन आठवड्यांत एकतीस कारखान्यांना पत्रं लिहिली. बहुतेकांना पूर्ण कंटेनरपेक्षा कमी माल पाठवण्यात रस नव्हता. काल सार्डिनियाहून रोझाल्बा नावाच्या बाईंचं उत्तर आलं. त्या आणि त्यांच्या दोन बहिणी मिळून कारखाना चालवतात. वर्षाला परदेशी पाठवता येईल इतका त्यांचा माल म्हणजे अडीच पॅलेट. कोणतीही मोठी कंपनी त्यांच्याकडे बघणार नाही, कारण तेवढ्यात एका शहराचं एक शेल्फही भरत नाही. आमचं अख्खं बेट मात्र भरतं, वर अर्धं पॅलेट उरतं. आमचं लहान असणं ही आमची अडचण आहे असं सगळे समजत होते, काकासुद्धा. मी त्यांच्यासमोर रोझाल्बाबाईंचं पत्र ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, फूटपट्टी काढली आणि नव्या लेबलांची मापं घ्यायला बसले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते. अब्रुत्झोच्या मालकांनी मला नकार कळवला तेव्हा गडबडीत त्या ई-मेलखाली त्या मोठ्या कंपनीशी झालेला आधीचा सगळा पत्रव्यवहार तसाच राहून गेला. करार मागणारी कंपनी तुझी आहे, आणि सही तुझी आहे. त्यांच्या मालाचं कौतुक तू माझ्याच शब्दांत केलं आहेस, अगदी पन्नास अंश आणि दोन दिवसांसकट. आमच्या दुकानाला तू "सेंटिमेंटल कस्टमर", म्हणजे केवळ भावनेपोटी जपलेलं गिऱ्हाईक, म्हटलं आहेस. तू हे मागे घ्यावंस म्हणून मी लिहीत नाही. घेतलंस तरी मी आता त्यांच्याकडे परतणार नाही. वीणाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. लिहिते आहे ते एका धड्यासाठी, जो तुला शिकवायचा राहिला. तुमचा पहिला कंटेनर जानेवारीत येतो आहे, असं त्याच पत्रव्यवहारात दिसलं. उणे वीस अंशांतल्या ट्रेलरमधून निघालेली खोकी तापवलेल्या, कोरड्या गोदामात लगेच उघडलीत, तर पास्त्याचा बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर सुकेल, आकसेल, आणि प्रत्येक धाग्यात केसाएवढ्या चिरा जातील. आठवडाभर त्या दिसणार नाहीत. मग लोकांच्या पातेल्यात त्याचे तुकडे होतील आणि नाव त्या भल्या कारखान्याचं जाईल. म्हणून निदान पाच दिवस खोकी सीलबंद ठेवून सावकाश गरम होऊ द्या. आधी थंड खोलीत ठेवा, मगच गोदामात आणा. हे मी तुला सांगितलं नसतं, तर वसंत येईपर्यंत मी आपोआप जिंकले असते. तसं जिंकणं मला नको आहे. माल अखंड पोचव, नीट मांड, आणि मग ये समोर.

तुझीच, आणि आजपासून तुझी प्रतिस्पर्धीही,
उमामावशी