मंडईची कॅप्सूल आणि एक रिकामा डबा

एकोडी,
मंगळवार, पहाटे

चि. अमर यास,

एकोडीहून तुझ्या भाऊजीचा, म्हणजे तेजरामचा, रामराम आणि वडीलकीच्या नात्याने आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत. तुझी बहीण रुखमा ठीक आहे, धान कापून झाला आहे, आणि माझं पोट पूर्वीपेक्षा जरा शहाणं झालं आहे. ‘तुमची खुशाली कळवावी’ ही ओळ मी आजवर प्रत्येक पत्रात सवयीने खरडत आलो. आज ती मनापासून लिहिली आहे, एवढं लक्षात असू दे. आता तू म्हणशील, पत्र कशाला, फोन काय बिघडला होता? फोनवर तू ‘हो भाऊजी, करतो भाऊजी’ म्हणतोस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतोस. कागद असा ठेवून देता येत नाही, त्यातून तो घेऊन आलेली भाची समोर उभी असताना तर नाहीच. (भाचीच्या पाया पडणारा मामा तिला नाही म्हणू शकत नाही, हे ओळखूनच हर्षाला पाठवलं आहे.) तिच्या हातात एक डबाही आहे. तो उघडायची घाई करू नको.

तर पहिल्यांदा तुझे आभार मानतो. दोन वर्षांपूर्वीची लाखनीची मंडई तुला आठवत असेल. दिवाळी झाली की आपल्याकडे आज या गावच्या मंडईची जत्रा, उद्या त्या गावच्या, आणि देवाच्या कृपेने प्रत्येक गावात आपला एक तरी सोयरा आहेच. गेलो नाही तर तो रुसतो. गेलो आणि कमी जेवलो तर त्याची बायको रुसते. त्या दिवशी मी तीन घरांचं मटण आणि तीन घरांचा मान पोटात घालून तुझ्याकडे पोचलो होतो. छातीत भट्टी लागली होती. चौथं ताट पाहून मी हात जोडले, तेव्हा तू खिशातून जळजळीच्या कॅप्सूलची एक पट्टी काढलीस (इतर लोक सुपारी काढतात तशी) आणि म्हणालास, ‘काहून घाबरून राहिले, भाऊजी? हे टाका, मंग रस्सा हाना.’ मी टाकली. हाणला. तू ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार. पोट म्हणजे गिअरबॉक्स आणि कॅप्सूल म्हणजे ग्रीस, हा तुझा सिद्धांत मी त्या दिवशी डोळे मिटून मान्य केला. यात तुझी काहीच चूक नाही. चूक असलीच तर नट-बोल्टाच्या दुकानात औषध विचारणाऱ्याची.

त्यानंतर माझी जी प्रगती झाली, ती ऐकून तुझी छाती अभिमानाने भरून येईल. पहिल्या वर्षी मंडईपुरती एक, मग लग्नापुरती एक, मग तेरवीपुरती एक, आणि मग भाजीत मिरची जरा जास्त पडली म्हणून एक, असं करत ती रोजची झाली. घ्यायची कधी, हे तू सांगितलं नव्हतंस आणि मी विचारलं नव्हतं. त्यामुळे मी ती नेहमी जेवण झाल्यावर, आग लागल्यावर घ्यायचो, आणि पाच मिनिटांत विझली नाही की आणखी एक. त्यात ती कॅप्सूल मला गिळवेना. (दोन बोटांएवढं हाड चघळणारा माणूस मी, पण एवढीशी कॅप्सूल घशात अडते.) मग मी ती उघडून आतले बारीक दाणे पोह्यांवर पसरायला लागलो. खसखशीसारखे दिसतात. चावले की कुरकुर वाजतात आणि कडू लागतात. औषध आहे म्हणजे कडू असणारच, या श्रद्धेने मी ते वर्षभर चावून खाल्ले. रुखमा विचारायची, ‘हे काय वाजून राह्यलं तुमच्या तोंडात?’ मी सांगायचो, तुझ्या भावाचं प्रेम.

यंदा तर ही विद्या घरोघरी पोचली आहे. आपल्या सोयऱ्यांतल्या बायजाबाईकडे मंडईचं जेवण झाल्यावर बडीशेपेच्या वाटीत एक पट्टी ठेवलेली होती, कात्रीसकट. पाहुण्यांनी आपापली कापून घ्यायची. माझ्या पंगतीतल्या गोमाजीने दोन घेतल्या, एक उद्यासाठी. रक्त पातळ करायची आणि शुगरची औषधं घेणाऱ्यांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही की बाबा, ही त्यांच्याबरोबर चालते का. मलाही विचारावंसं वाटलं नाही, कारण माझं लक्ष गोमाजीने घेतलेल्या दुसऱ्या कॅप्सूलवर होतं.

मग आठ दिवसांपूर्वी लाखनीची मंडई आली. तुझ्याकडे मी आलो, ताटं मांडली, आणि तू दोन घास खाऊन उठलास. तुझा सदरा अंगात फिरत होता. पट्ट्याला तू खिळ्याने नवीन भोक पाडलं होतंस. मी विचारलं तर म्हणालास, ‘डायट करून राहिलो ना, भाऊजी.’ ज्या माणसाने आयुष्यात कधी दुसरी वाढ नाकारली नाही, तो डायट करतो आणि मी त्यावर विश्वास ठेवतो, असे आपण दोघे हुशार. नंतर दुकानामागे तू हळूच सांगितलंस, की समोरच्या हायवेसारखंच तुझ्या पोटातही रोडचं काम सुरू आहे, रोज सकाळी डांबर पडते. मी पोट धरून हसलो. घरी येऊन दोन सोयऱ्यांना सांगून त्यांनाही हसवलं.

घरी आल्यावर रुखमाने माझ्या सगळ्या पट्ट्या उचलून कुलपात घातल्या, कारण तिने त्या मोजल्या होत्या आणि आकडा तिला आवडला नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, मर्दासारखी एका दिवसात सोडतो. सोडली. तिसऱ्या दिवसापासून छातीत अशी आग पेटली की पूर्वीची जळजळ मला शेकोटी वाटायला लागली. मी चुलीतली राख खायचा बाकी होतो. शेवटी काल मुकाट्याने भंडाऱ्याला रेणू डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने आपल्या हर्षाहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, पण मला त्यांनी असं उभं केलं की मी शाळेतसुद्धा इतका खाली मान घालून उभा राहिलो नव्हतो. किती दिवसांपासून घेता? दोन वर्षं. कोणी सांगितलं? साळ्याने. साळा डॉक्टर आहे का? नाही, ट्रॅक्टरचे पार्ट विकतो. यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग कळलं की मी जे जे केलं ते सगळं उलटं केलं. ही कॅप्सूल आग लागल्यावर विझवणारी नाहीच. ती सकाळी उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर अख्खी गिळायची असते. आतल्या दाण्यांवर वेष्टण असतं, ते चावलं की औषध पोटातल्या आम्लातच वाया जातं. (म्हणजे वर्षभर मी महागडी खसखस खाल्ली.) स्वतःच्या मनाने घ्यायची तर चौदा दिवस, तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरला विचारायचं. काही लोकांना ती खरंच वर्षानुवर्षं लागते, पण ते कोणी ठरवायचं, तर जो शिकला आहे त्याने. फार दिवस घेतलेली एकदम सोडली तर आग उसळते, म्हणून मला हळूहळू कमी करून दिली आहे. संध्याकाळी लवकर जेवायचं आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावायच्या. काल विटा मी पायथ्याकडे लावल्या. रुखमाने त्या उचलून उशाकडे नेल्या.

जाता जाता त्यांनी मला चार प्रश्न विचारले. गिळताना अडतं का? नाही. काही न करता वजन उतरलं का? नाही, दुर्दैवाने. उलटीत रक्त पडलं का? नाही. आणि चौथा: डांबरासारखी काळी शी होते का? मी त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. हा शब्द मी आठ दिवसांपूर्वी ऐकला होता आणि त्यावर हसलो होतो. त्यांना वाटलं मला होते. मी म्हटलं, मला नाही, साळ्याला होते. मग तुझा पट्टा सांगितला, दोन घास सांगितले, आणि गुडघ्यासाठी तू रोज दुखण्याची गोळी घेतोस तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, दुखण्याच्या गोळ्यांनी आत जखम होऊन रक्त झिरपत असू शकतं, आणि कॅप्सूल फक्त आग झाकत असेल. असेलच असं नाही, पण तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. मंडया संपायची वाट पाहू नका, उद्याच आणा. चक्कर आली किंवा रक्ताची उलटी झाली तर उद्याचीही वाट पाहू नका. अमर, मला त्या खुर्चीवर बसून फार भीती वाटली. हे मी थट्टेने लिहीत नाही.

बाकी काय लिहू? वहिनीला नमस्कार, आणि यंदा तिच्या रश्श्याला मी नाही म्हटलं तर रागावू नये.

तुझा भाऊजी,
तेजराम

ता. क. – आज सकाळी अकराचा नंबर तुझ्या नावाने लावला आहे. नाव मीच सांगितलं. वय सांगताना अडखळलो. तू फक्त त्रेचाळीस वर्षांचा आहेस. सकाळचं काही खाऊ नको, कदाचित नळी घालून पोट आतून पाहतील. हसून टाळलंस तर या पत्रातलं सगळं संध्याकाळी तुझ्या बहिणीला सांगीन. तिला अजून काहीच माहीत नाही.

दुसरा ता. क. – डबा रिकामा आहे. बहिणीने चकल्या पाठवल्या असतील असं वाटून झाकण उघडलं असशील, तर माफ कर. तुझ्या खिशातल्या, गल्ल्यातल्या आणि उशाखालच्या सगळ्या पट्ट्या, गुडघ्याच्या गोळ्यांसकट, त्यात भर. डॉक्टरीणबाईंना पाहायच्या आहेत. आपल्यात सोयऱ्याचा डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही.

तिसरा ता. क. (हा एकोडीत लिहिलेला नाही) – मी स्वतःच दुकानात आलो असतो, पण तू एक विनोद केला असतास आणि मी हसलो असतो. आपल्या दोघांचा मला भरवसा नाही. दुकान हर्षा सांभाळेल. मी समोरच्या चहाच्या टपरीवर, चहा न पिता, तुझ्याकडे पाठ करून बसलो आहे. भंडाऱ्याची गाडी यायला दहा मिनिटं आहेत. ये.