राईची जमीन सत्यवानाची, झाडे इतरांची

मी शेवंती, कै. गंगाराम परब यांची विधवा, वय वर्षे सत्तर, धंदा शेती, राहणार खोलवाडी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगते व गुरुदास मास्तर लिहून घेतात. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल त्याने येऊन भांडून बघावे.

कारण असे. डोंगराकडची राई मला माझ्या बापाकडून आली. माझा एकुलता एक मुलगा सत्यवान मुंबईत असतो. माझ्यामागे राई विकण्याचा शब्द त्याने एका कोळसेवाल्याला देऊन ठेवला आहे. शेजारच्या वाडीने असाच डोंगर बोडका केला. आता चैत्रात त्यांच्या बाया कळशा घेऊन आमच्या व्हाळावर येतात. ते पाणी राईतून येते, मुंबईहून येत नाही.

कलम पहिले. घर, भांडी व गाय सत्यवानास. राईची जमीनही त्यालाच. नुसती जमीन. आमच्याकडे जमीन एकाची व झाडे दुसऱ्याची असतात, हे तो मुंबईत विसरला असेल, म्हणून कळवते.

कलम दुसरे. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडे सून जानकीस. सोलांना मीठ जरा बेताने लाव गो बाय, एवढेच मागणे.

कलम तिसरे. हिरडे व शिकेकाई शेजारीण सुगंधा हिला. आजवर चोरून नेत होती, यापुढे उजळ माथ्याने न्यावी.

कलम चौथे. ऐन व किंजळीची झाडे दीर बाबली यांस. पेरणीआधी शेत भाजायचे, त्या भाजावळीपुरत्या फांद्या तोडाव्या. त्यांनी आमचा हद्दीचा गडगा सरकवून जागा खाल्ली, ती मी विसरलेले नाही. (मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात असले लिहीत नाहीत. लिवा म्हणतंय ना!)

कलम पाचवे. मधाची पोळी लागतात तो वड देव रवळनाथास.

कलम सहावे. कुठलेही झाड बुंध्यातून तोडायचे तर या सगळ्या मालकांनी एका तोंडाने हो म्हटले पाहिजे. बाबली व सुगंधा यांचे आजवर कशावरच जमलेले नाही. जमलेच, तर पुढे देवाचा कौल घ्यावा. कोळसेवाल्याला तेवढी सवड असेल तर खुशाल थांबावे.

कलम सातवे. व्हाळाकाठचा आंबा तेवढा मी माझ्या चितेसाठी ठेवते. कुऱ्हाड सत्यवानाने स्वतःच्या हाताने चालवावी, मजूर आणू नये. मी राईत वाळक्या पानांचा पातेरा गोळा करायची, तेव्हा त्याची झोळी याच आंब्याला बांधलेली असे.

मास्तरांची नोंद: वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचून दाखवला. रजेवर आलेले सत्यवान खाली मान घालून म्हणाले, "आये, त्या आंब्यार कुऱ्हाड घालूक माझ्याच्यान होवचा नाय."

शेवंतीबाई म्हणाल्या, "मास्तरानू, ह्या आधी लिवा. आणि त्येची सही घेवा."

अंगठा: शेवंती गंगाराम परब
सही: सत्यवान गंगाराम परब, त्याच वाक्याखाली
साक्षीदार: शिवा धोंडू गावडे, यशोदा लाडू सावंत
मुक्काम खोलवाडी, ता. ९ एप्रिल १९६३