रोवणीच्या बदल्यात शिकवणी

चिचगड, ५ ऑगस्ट

ती. उदेलालमामांस,

योगेश्वरीचा वाकून नमस्कार. इथं फोनला रेंज नाही आणि तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं.

मामा, माझी मोफत शिकवणी सुरू झाली, पण एक पोट्टा येईल तर शपथ! फळा आहे, चटया आहेत, समोर एक बकरी येऊन बसते. घरोघरी फिरले तर चैतरामबुढा म्हणाले, तुमच्याकडून फुकट शिकून घ्यायचं आणि बदल्यात काय द्यायचं? आमच्या खानदानात कोणी कोणाचं फुकट घेतलं नाही. सारं गाव हेच म्हणून राहिलं.

जीव तुटतो तो शेजारच्या शकुंतलाबाईंच्या नातीसाठी, आचलसाठी. नववीत गणितात काठावर पास झाली. दहावीत नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या बापानं सांगून टाकलं आहे. पोरगी हुशार आहे हो, पण फळ्यासमोर उभी केली की थरथरते. आणि दिवाळीपर्यंत दहावीची दहा मुलं बसली नाहीत तर मला इथं पाठवणारी आमची संस्था वर्ग उचलून दुसऱ्या गावी नेणार. कायले आली मी इथं, असं वाटते.

मामीला नमस्कार. भाचीवर जीव असू द्या.

तुमची,
योगेश्वरी


तिरोडा, ११ ऑगस्ट

चि. योगेश्वरीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तुही मामी रामकली बरी आहे. पत्रातली बकरी तिले फार आवडली.

अवो येडे, त्या लोकायचं काय चुकलं? आज मी तुह्या धानाच्या बांधीत रोपं रोवाले येतो, उद्या तू माह्या बांधीत ये, अशी आपली रीत. तू कोणाच्या बांधीत उतरली का? नाही. मंग तुह्या कामाले कोण येईल, आणि काऊन येईल? पदर खोच आन् चिखलात जा. रोवणी आटपायच्या आत घरटी एक दिवस दे. मंग तुह्या कामालेही घरटी एक माणूस येते का नाही, पाहून घे. कंबर दुखली तर तेल लाव, मले शिव्या देऊ नको.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुहा,
उदेलालमामा


चिचगड, २ सप्टेंबर

ती. मामांस,

वाकून नमस्कार, पण मनातल्या मनात. कंबर वाकत नाही.

घरोघरी रोवलं मी. लोक शब्दाचे पक्के निघाले. एका दिवसाच्या रोवणीच्या बदल्यात दिवाळीपर्यंत रोज एक तास, घरटी एक माणूस! पण कोण माणूस? शिकवणीत काम काय, तर बसायचं. मग ज्याच्याकडून दुसरं काही होत नाही, तोच घरच्यांनी धाडला. वर्गात चैतरामबुढा, टिकारामबुढा, शकुंतलाबाई, सगळे सत्तरीच्या पुढचे. मुलं बकऱ्या राखायला रानात. मी हजेरीत हिमांशूचं नाव घेतलं की त्याचे आजोबा चैतरामबुढा हात वर करतात. काल टिकारामबुढा वर्गसमीकरणात घोरायला लागले, तर बाकीच्यांनी त्यांना गदागदा हलवलं. बदल्याचं काम इमानदारीनं कर, म्हणाले.

तुमच्याऐवजी आचलला पाठवा म्हटलं, तर शकुंतलाबाई भडकल्या. माझ्या बसण्यात काय खोट दिसली तुले, असं विचारून राहिल्या. आता काय करू, तुम्हीच सांगा.

रागावले तरी विसरू नका.

योगेश्वरी


तिरोडा, ८ सप्टेंबर

चि. योगेश्वरीस आशीर्वाद.

मामीले पत्र वाचून दाखवलं, ते अजून हसून राहिली. पण पोरी, हलक्या कामाले म्हातारा माणूस पाठवतेत आन् जड कामाले जवान. गाव बरोबर वागून राहिलं. तुहंच काम हलकं दिसते. जड कर! घरी सोडवाले गणितं दे, फळ्यापाशी उभं कर, दयामाया दाखवू नको.

खुशाली कळवत जा, इथं जीव टांगणीले लागते.

उदेलालमामा


चिचगड, १८ ऑक्टोबर

ती. मामांस व मामीस,

योगेश्वरीचा नमस्कार, आणि या वेळी खराखुरा.

जड केलं मामा! तिसऱ्याच दिवशी चैतरामबुढांनी हात जोडले. जन्मभर नांगर धरला पण डोकं असं शिणलं नाही, हे म्हाताऱ्याचं काम नोहे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी हिमांशू हजर आणि बुढा बकऱ्यांमागे. मग एकेक करून सगळ्या घरांनी माणूस बदलला. मुलं झाली नऊ.

दहावी आचल. पण शकुंतलाबाई हटायला तयार नाहीत! काम जड नाही, मले मजा येते, म्हणतात. बापा रे, त्या बाईपुढं मी रडायचीच बाकी होते. शेवटी त्यांचं लवकरचं धान कापायला आलं तेव्हा विळा घेऊन दिवसभर त्यांच्या बांधीत राबले. आता त्या घराकडून माझं आणखी एक माणूस येणं झालं. दुसऱ्या दिवशी आचल आली. आजीनं तिला आपल्या मागं बसवलं. नवीन आलेल्यानं मागंच बसायचं, म्हणे.

काल संस्थेचे साहेब आले. दहा मुलं मोजली आणि अकरावी कोण म्हणून बघतच राहिले. शकुंतलाबाई न बोलावता उठल्या, फळ्यावर गणित सोडवलं आणि साफ चुकीचं उत्तर लिहिलं. मी डोळेच मिटले. उघडले तर आचल फळ्यापाशी उभी. साहेबांसमोर तिनं आजीचं उत्तर पुसलं आणि बरोबर लिहिलं. हात जरा पण हलला नाही, मामा.  शकुंतलाबाई आपल्या चटईवर परतल्या, बाजूला सरकल्या आणि नातीला शेजारी जागा करून दिली.

वर्ग इथंच राहणार. दिवाळीला येत नाही, पुढच्या तासांच्या बदल्यात कापणीला जायची बरीच घरं बाकी आहेत.

तुमचीच,
योगेश्वरी