माळ्यावरच्या दोनशे बारा पत्रांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, विषय भूगोल, इयत्ता पाचवी ते सातवी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना व स्वखुशीने लिहून ठेवते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. मला फार राग आलेला आहे, असेही त्यांचे निरीक्षण आहे; परंतु राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असे त्या म्हणाल्या, आणि ते मी येथे नोंदवून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तरी मी तो जुमानला नसता. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझ्या थोरल्या बंधूंच्या स्वाधीन केले होते. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

कलम १. घर. वडिलांनी बांधलेल्या दुमजली घराचा खालचा मजला माझ्या नावे आहे व वरचा बंधूंच्या. खालचा मजला मी माझ्या पुतणीला, म्हणजे बंधूंच्या मुलीला देते. ती परिचारिका आहे, दोन-दोन पाळ्या करते आणि तरी येता-जाता माझ्या दारात थांबून "आत्या, जेवलीस का?" असे विचारते. मजला तिला कोणत्याही अटीविना द्यावा. फक्त पुढच्या खोलीतील लांब टेबल कलम ४ मधील काम पुरे होईपर्यंत हलवू नये.

कलम २. भिंतीवरचे अकरा नकाशे, पृथ्वीचे दोन गोल (पैकी एकाचा आस वाकडा झाला आहे; तो मुळात कललेलाच असतो, पण इतका नव्हे) व माझी टिपणांची वह्या-पुस्तके शाळेत सध्या भूगोल शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेला द्यावीत. तिला स्वतःला द्यावीत, शाळेला देऊ नयेत. शाळेला दिलेली वस्तू कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली हरवते, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

त्या शिक्षिकेस माझा निरोप: जुन्या पाठ्यपुस्तकात "जगातील लोकांच्या विचित्र चालीरीती" असा एक धडा होता. मी त्यातला "विचित्र" हा शब्द दरवर्षी मुलांना खोडायला लावत असे. "विचित्र कुणाला?" असे विचारले की वर्ग गप्प होई आणि मग खरा तास सुरू होई. बर्फात राहणारा माणूस बर्फाचे घर बांधतो यात विचित्र काही नाही; त्याने ते आपल्या उन्हात बांधले असते तर गोष्ट वेगळी. तूही मुलांकडून नुसत्या राजधान्या पाठ करून घेऊ नकोस. तिथे पाऊस कधी पडतो, माणसे कशावर जगतात आणि त्यांची मुले शाळेत कशी जातात, ते आधी विचार. भूगोलाचे तास कमी करून ते खेळाच्या शिक्षकांना द्यायचे पुन्हा घाटत आहे असे ऐकते. भांड.

कलम ३. आता पत्रांची हकिगत, कारण ती कळल्याविना पुढच्या कलमाचा अर्थ लागणार नाही.

सुमारे बेचाळीस वर्षांपूर्वी मी सातवीत एक उपक्रम सुरू केला. शिक्षकांच्या एका मासिकात परदेशांतील शाळांचे पत्ते येत. प्रत्येक मुलाने त्यांतील एका शाळेतल्या अनोळखी मुलाला पत्र लिहायचे. इंग्रजीत मी उतरवून द्यायची. पहिल्या वर्षी साठावर पत्रे गेली. मुले रोज विचारत, "बाई, आलं का?" मी म्हणे, "समुद्र ओलांडून यायचंय, वेळ लागणारच." एकही उत्तर आले नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही.

मी काय केले ते लिहिताना मला शरम वाटते, म्हणूनच लिहिते. मी मुलांना दोष दिला. म्हटले, तुमचे अक्षर कोणाला लागत नसेल. तीन-तीन वेळा पत्रे नव्याने लिहायला लावली. चौथ्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील मालवाहू जहाजावर खलाशी होते आणि दीड वर्ष त्यांचा पत्ता नव्हता. तिने पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या कोळ्याच्या मुलीला विचारले होते, "तुझे बाबा समुद्रावरून परत येईपर्यंत तू काय करतेस?" उभी राहून ती म्हणाली, "बाई, आपण त्यांच्या नकाशात नाही का?"

मी तिला खाली बसवले आणि उपक्रम बंद केला.

शाळेचे मुख्याध्यापक त्या वेळी माझे बंधूच होते. मुले हिरमुसली म्हणून त्यांनी मोठ्या मनाने आपला पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह मला वर्गात न्यायला दिला. या संग्रहाला पुढे प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. मी मुलांना हात धुऊन यायला सांगितले आणि एकेक पान उलगडून दाखवले. "बघा, किती देश!" असे मी म्हणाले. मीच म्हणाले.

चार वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी गळू लागली. बंधू डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. नळकाम करणाऱ्याने माळा रिकामा केला आणि एक पत्र्याची पेटी माझ्याकडे खाली आणली. "बाई, भिजेल म्हणून काढली. यावर शाळेचं नाव दिसतंय." पेटीत दोनशे बारा पाकिटे होती. प्रत्येकावर माझ्या एकेका विद्यार्थ्याचे नाव होते, आणि प्रत्येकाचा उजवा वरचा कोपरा कात्रीने नीट चौकोनी कापलेला होता.

बंधू घरी आल्यावर मी आठ दिवस थांबले, त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी निघेपर्यंत. मग पेटी त्यांच्यासमोर ठेवली.

"दादा, हे काय आहे?"

"अगं, तेव्हा तपासण्या व्हायच्या," ते म्हणाले. "परदेशातून एवढी पत्रं येतात म्हटल्यावर वरून विचारणा झाली असती. शिवाय अभ्यासक्रम कोण पुरा करणार होतं? पोरं नुसती पत्रंच लिहीत बसली असती."

"मग तिकिटं का कापलीस?"

ते चष्मा काढून पुसू लागले. "पहिला गठ्ठा आला तेव्हा वाटलं, तिकिटं काढून घेऊ आणि पत्रं उद्या देऊ. मग वाटलं, कापलेली पाकिटं बघून तू विचारशील. तेवढ्यात दुसरा गठ्ठा आला."

"आणि चार वर्षं गेली."

"एकही पत्र फेकलं नाही मी," ते म्हणाले. "सगळी जपून ठेवली." जणू मी त्यांचे आभारच मानायला हवे होते!

माझ्या निरोपसमारंभात याच माणसाने व्यासपीठावरून सांगितले होते की बाईंनी मुलांना जग दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही मान लववली होती.

त्या दिवसापासून मी बंधूंशी बोललेले नाही. जिन्यात भेट झाली तर मी कठड्याकडे बघते.

कलम ४. पत्रे ज्याची त्याला पोचवावीत, हीच माझ्या मृत्युपत्राची मुख्य इच्छा आहे. गेल्या चार वर्षांत मी एकशे एकोणचाळीस पोचवली. त्र्याहत्तर उरली आहेत. त्यांची यादी, मिळालेले पत्ते व न मिळालेल्यांची माहिती निळ्या वहीत आहे. माझी सर्व शिल्लक या कामाच्या प्रवासाला व टपालाला वापरावी. उरेल ते पुतणीला द्यावे.

हे काम मी सेवानिवृत्त पोस्टमनदादांवर सोपवते व त्यांनाच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. ती पत्रे तेव्हा शाळेत आणून देणारे तेच. मी पेटी दाखवली तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तुम्हाला मिळालीच नाहीत? मी दर आठवड्याला ऑफिसात देत होतो हो! मला वाटायचं, काय या बाई, कधी एका शब्दानं आभार नाहीत." चाळीस वर्षे या भल्या माणसाने मला शिष्ट समजावे, हाही हिशेब बंधूंच्याच खाती.

पत्र देताना घ्यायची काळजी: पत्र हातात द्यावे, दारात टाकू नये. उशीर का झाला ते खरे सांगावे. कोणी रागावले तर ऐकून घ्यावे. एक गृहस्थ आता बँकेत मोठे अधिकारी आहेत. त्यांनी माझ्यासमोर पाकीट न उघडता टेबलाच्या खणात टाकले. चूक त्यांची नाही. एका मुलाच्या आईने मुलगा गेल्याला नऊ वर्षे झाली असे सांगून पत्र स्वतः घेतले आणि मला वाचून दाखवायला लावले. वाळवंटाच्या कडेच्या गावातील एका मुलाने त्यात विचारले होते, "तुमची नदी खरंच वर्षभर वाहते? मला फसवत तर नाहीस ना?" ती माउली हसली. मग म्हणाली, "आमचा थापाड्याच होता तसा, पण नदीचं खरं होतं."

कलम ५. माझे शिलाई यंत्र मी खलाशाच्या त्या मुलीला देते. ती आज पन्नाशीची आहे आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत कपडे शिवते. तिला साक्षीदार करायचे माझ्या मनात होते; पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये असे वकिलांनी सांगितले.

तिचे पत्र घेऊन मी गेले तेव्हा ती बटणे लावत होती. बेटावरच्या मुलीने लिहिले होते, "मी वाट बघत बसत नाही, जाळी विणते. विणताना वेळ जातो. तुझे बाबा आले की मला कळव." तिचे वडील आले नाहीत, कधीच. पत्र दोनदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, आता उत्तर दिलं तर चालेल का हो?"

आम्ही दोघींनी मिळून लिहिले. पाच महिन्यांनी उत्तर आले, त्याच बाईंचे. त्या आता आजी आहेत. त्यांनी लिहिले, "मी रागावले नव्हते. मला वाटले, तुझे बाबा आले असतील आणि आनंदात तुला लिहायचे राहून गेले असेल. इतकी वर्षे मी तेच धरून चालले होते." शिवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने ते पत्र यंत्राच्या खणात ठेवले आणि दिवसभर दुकान बंद ठेवले.

कलम ६. बंधूंबाबत. त्यांना मी जमीन, पैसा, भांडे वा फर्निचर यांपैकी काहीही देत नाही. तिकिटांचा संग्रह त्यांचा त्यांच्याजवळ राहू द्यावा. मला तो बघायचाही नाही.

मात्र पेटीच्या तळाशी एक पाकीट दोनशे बारांत न धरलेले होते. ते मुख्याध्यापकांच्या नावे आहे. उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या शिक्षिकेने लिहिले आहे: "तुमच्या मुलांची पत्रे अचानक बंद झाली. आमच्या उत्तरांनाही उत्तर नाही. तुमच्याकडे पूर, भूकंप, साथ असे काही संकट तर आले नाही ना? माझी मुले रोज विचारतात. कृपया एक ओळ लिहा." हे पाकीट फोडलेले होते, म्हणजे बंधूंनी ते वाचले होते.

हे एक पत्र मी त्यांना देते. त्याचे उत्तर त्यांनी द्यावे. ती शिक्षिका हयात नसेल, शाळा असेल. शाळेने तेव्हाची मुले शोधावीत, जशी मी माझी शोधली. मी जिवंत असताना सांगितले असते तर त्यांनी वाद घातला असता. गेलेल्या बहिणीशी वाद घालता येत नाही. उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे. लांबलचक नको, सबबी नकोत. दोन वाक्ये पुरेत: "मुले सुखरूप होती. पत्रे मी ठेवून घेतली." खाली पूर्ण सही करावी.

ते पत्र पोस्टात पडल्याचे पोस्टमनदादांनी पुतणीला कळवावे. त्यानंतर मी बंधूंवर रागावलेली नाही असे समजण्यास हरकत नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केले.

सही: मृत्युपत्र करणार, भूगोलाच्या बाई

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई, ज्यांनी रक्तदाब दोनदा मोजला

साक्षीदार २: समोरच्या छापखान्याचे मालक, ज्यांनी हा मजकूर टंकलिखित केला व कलम ६ ला थोडा वेळ थांबले

ठिकाण: खालचा मजला, पुढची खोली
दिनांक: वार्षिक परीक्षेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवार, सकाळी अकरा वाजता