फेरी सहाव्या कप्प्यापासून

१ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून पिल्लांच्या शेडची जबाबदारी माझी. धाकट्या भावाने काल जेवताना तसं स्पष्ट सांगितलं. त्याचे शब्द: ताई, दिवसभर बसून कंटाळतेस, जरा शेडकडे चक्कर मारत जा. एकतीस वर्षं कॉन्व्हेंटमधलं मुलींचं वसतिगृह चालवून निवृत्त झालेल्या बाईला अशा बोलण्याचा अर्थ कळतो.

आईपासून नुकतीच तोडलेली डुकराची एकशेवीस पिल्लं. सहा कप्पे, प्रत्येकात वीस. सरासरी साडेसात किलो. १५ मार्चला व्यापाऱ्याचा ट्रक येणार. तोवर प्रत्येक पिल्लू पंचवीस किलोचं झालं पाहिजे, नाहीतर तो पुढच्या बॅचपासून दुसरा फार्म बघणार. भावाला या काळजीने झोप नाही. त्याला म्हटलं, माझ्या हाताखाली एकही मुलगी अंगाने झडली नाही. तो उठून हात धुवायला गेला. धीर आला असावा.

रजिस्टर आखलं. फेरीची वेळ, ताप, वजन, शेरा. लाल शाईने समास.

३ फेब्रुवारी
सहाव्या कप्प्यात तीन पिल्लांचं पोट बिघडलं. तात्या (इथे वीस वर्षं कामाला, दात मोजके, मतं पुष्कळ) माझ्यासमोर 'हगवण' म्हणाले. मी शब्द बदलायला सांगितला. म्हणाले, बाई, शब्द बदलून घट्ट होणार आहे का?

त्यांचं म्हणणं, आईचं दूध सुटलं की पहिल्या आठवड्यात हे होतंच. ऊब द्यायची, थोडं थोडं खायला घालायचं, आणि येणाऱ्याने गमबूट घालून दारातल्या ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे. ते पाणी मी पाहिलं. गढूळ. त्यात पाय घालणार नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बुटांवरून माणूस ओळखत, आणि माझे काळे नाडीचे बूट रोज पॉलिश होतात. ट्रे ओलांडून गेले. या वयातही सहज जमलं.

एक मात्र आजच ठरवलं. फेरी सहाव्या कप्प्यापासून सुरू. आमच्या मदर सुपिरियर आधी आजारी मुलींच्या खोलीत जात, मग बाकीच्या. आजाऱ्याला ताटकळत ठेवणं असभ्यपणाचं आहे. मग पाच, चार, तीन, दोन, एक. दिवसातून दोनदा.

६ फेब्रुवारी
पाचवा कप्पासुद्धा. अकरा पिल्लं. तात्यांनी खाण्यात काहीतरी घोळ घातलेला दिसतो. विचारलं तर म्हणाले, खाणं एकाच पोत्यातलं आहे, बाई, पहिल्या कप्प्यालाही तेच.

आता सगळ्यांचा ताप मोजते. थर्मामीटर तोंडात लावत नाहीत, एवढंच लिहिते. एकच आहे, पण उत्तम कंपनीचा. प्रत्येक वेळी रुमालाने पुसते. रुमाल दर रात्री धुते. यापेक्षा जास्त स्वच्छता ऑपरेशन थिएटरमध्येही नसेल.

१० फेब्रुवारी
चौथा कप्पा. सहाव्यातली दोन दगावली. मुळातच अशक्त होती.

भावजय म्हणाली, वन्सं, तुम्ही जरा घरातच थांबला तर? मी म्हटलं, संकटात पळ काढायला मला शिकवलेलं नाही. ती म्हणाली, पळू नका, नुसत्या बसा. तिला माझं शेडमध्ये वजन वाढलेलं बघवत नाही. वजन वाढतंय ते माझंच. पिल्लांचं आठ किलोवर अडकलंय.

१४ फेब्रुवारी, दुपारी
तिसरा कप्पा.

आज रजिस्टर समोर ठेवून शांतपणे विचार केला, आणि जे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ते माझ्या आलं. आजार सहाकडून एककडे सरकतो आहे. अगदी माझ्या फेरीच्या वाटेने. म्हणजे मी त्याच्या मागावर आहे आणि तो पुढे पळतो आहे. पाठलाग वाढवायला हवा. उद्यापासून दिवसाला चार फेऱ्या.

तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत होते. पॉलिश आवडलं असेल.

१७ फेब्रुवारी
खाण्याच्या कंपनीला कडक पत्र लिहिलं. पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला लावलं. भावजयीचं शेडजवळ कपडे वाळत घालणं बंद करवलं. आणखी एक दगावलं. शक्य ते सगळं करते आहे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वय असेल अठ्ठावीस. मला मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, मी तुमची मावशी नाही. त्यांनी सॉरी मॅडम म्हणून नमुने घेतले आणि भावाला समजावलं: हे जंतू आतड्याचं आतलं अस्तर झडवतात, मग पिल्लू जगलं तरी खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि या वयात मागे पडलेली वाढ सहजी भरून येत नाही. भाऊ खाली बघत ऐकत होता. शेजारचा फार्मवालाही बघायला आला होता; त्याच्यासमोर असं कधी उभं राहावं लागलं नव्हतं, असं भाऊ नंतर म्हणाला.

मी विषय बदलला. रजिस्टर दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, फेरी कुठून सुरू करता? मी तत्त्वासकट सांगितलं. त्या रजिस्टरची पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, मॅडम, इतकी नेटकी नोंद मी कुठेच पाहिलेली नाही. फोटो काढू का? मी म्हटलं, पानाचा कोपरा मुडपू नका.

बाहेर अंगणात त्या भावाशी बराच वेळ बोलत होत्या. माझ्याबद्दलच असणार, कारण तो दोनदा खिडकीकडे वळला.

१८ फेब्रुवारी
दुसरा कप्पा. दुपारपासून माझंही पोट बिघडलं. भावजयीच्या हाताची भाजी. नक्की.

२० फेब्रुवारी
उठवत नाही. भावजय मीठसाखरेचं पाणी घेऊन आली. म्हणाली, वन्सं, प्या, पिल्लांनाही हेच चाललंय. मी तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, पिल्लं नखरे करत नाहीत.

प्यायले. रात्रभर उशाशी बसली होती. बोलणं तेवढं सुधारायला हवं.

२६ फेब्रुवारी
आठ दिवस शेड पाहिली नाही. तरी बातमी उत्तम. नवीन पिल्लू एकही आजारी नाही. दुसऱ्या कप्प्यातली सावरली. पहिल्या कप्प्याला आजार शिवलाही नाही. माझी शिस्त एवढी मुरली आहे की आता माझ्याशिवायही चालते. उद्यापासून रुजू होणार.

२७ फेब्रुवारी
भाऊ म्हणाला, ताई, पूर्ण बरी हो, मार्च उलटल्यावर बघू. शेडच्या दाराला कुलूप आहे. चोरांची भीती वाढली असावी.

१५ मार्च
ट्रक आला. खिडकीतून पाहिलं. पहिला कप्पा, वीस पिल्लं, सरासरी पंचवीस किलो चारशे ग्रॅम. बाकीची अठरा-एकोणीस किलोंची. सहाव्यातली सोळा किलोंची. दगावलेली एकूण चार. व्यापाऱ्याने पहिला कप्पा तेवढा चढवला आणि गेला. पुढच्या बॅचचं काय, असं भावाने विचारलं. तो म्हणाला, बघू. भाऊ रिकाम्या वजनकाट्यावर पाय ठेवून बराच वेळ उभा होता. काटा अर्धवट हलत होता.

मी म्हटलं, पहिला कप्पा आदर्श निघाला. माझ्या फेरीत तो शेवटी येई, त्याला माझा सहवास सगळ्यात कमी मिळाला, तरीसुद्धा.

भाऊ हो म्हणाला.

३० मार्च
डॉक्टरीणबाईंचा फोन. परवा फार्मवाल्यांचं प्रशिक्षण आहे. माझ्या रजिस्टरची पानं पडद्यावर दाखवायची परवानगी हवी. नाव सांगणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, सांगितलंत तरी हरकत नाही. माझी यायची गरज नाही, असंही त्या दोनदा म्हणाल्या. संकोची आहेत. मी येणार असं कळवलं. भावजय म्हणाली, वन्सं, नका जाऊ. हेवा. रेशमी साडीला इस्त्री केली. पाच मिनिटांचं भाषण तयार आहे.

१ एप्रिल, संध्याकाळी
सभागृहात चाळीस माणसं. मी पुढच्या रांगेत. भाऊ शेजारी.

पडद्यावर माझं अक्षर आलं. लाल समास. शेजारी सहा चौकोन. डॉक्टरीणबाईंनी सहाव्यावर बोट ठेवलं, तारीख वाचली. मग पाचव्यावर, तारीख वाचली. दोनपर्यंत बाण काढला. म्हणाल्या, आजाराला स्वतःचे पाय नसतात. तो बुटांवरून जातो, एका थर्मामीटरवरून जातो, रुमालावरून जातो. या तारखेला फेरी थांबली, आणि या तारखेला आजार थांबला.

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मागून कोणीतरी विचारलं, फेरी मारणारा कोण होता? त्या म्हणाल्या, मनापासून काम करणारं माणूस होतं.

मी भावाला हळूच विचारलं, तुला कधीपासून माहीत? तो म्हणाला, सतरा तारखेपासून. मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, दुसऱ्या दिवशी तू आजारी पडलीस, ताई. नंतर तू बरी झालीस, आणि इतकी खूश होतीस.

भाषणाचा कागद पर्समध्येच राहिला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: निरोगी आधी, आजारी शेवटी. कोणी हसलं नाही. चाळीस माणसांनी वह्या काढून लिहून घेतलं.

मीही लिहून घेतलं.