एकाच वेळेची अट

नोंदणी विभागातील वरिष्ठ लिपिक, माझी दिवंगत पत्नी, हिस –

मृत व्यक्तीस उद्देशून मृत्युपत्र लिहिता येत नाही, असे वकिलांनी बजावले. तरी आरंभ तुझ्यापासूनच करतो. पुढील मजकूर इतरांसाठी आहे.

मी, निवृत्त लेखाधिकारी, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; दडपण आणायला घरात कोणी उरलेले नाही.

एक. मुलगा तान्हा असताना कार्यालयाने सोयीच्या वेळा दिल्या. मी सकाळची घेतली, पत्नीने दुपारची. मुलगा कधी एकटा राहिला नाही. आम्ही दोघे मात्र दारातच भेटत राहिलो. "दूध तापवलंय, याला कणकण आहे, छत्री न्या," एवढाच संसार. वसाहतीचा पहारेकरी चेष्टा करी, "साहेब, तुम्ही नवरा-बायको की पाळीवरचे शिपाई?" मुलगा मोठा झाला, तरी वेळा तशाच राहिल्या. "पेन्शन सुरू झाली की दिवसभर समोर बसेन, कंटाळाल," असे ती म्हणे. स्वतःच्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली. तिचे कुटुंब निवृत्तिवेतन मला मिळते. त्याचे काय करावे, हे मला कळत नाही.

दोन. निवृत्तीनंतर राहण्यासाठी घेतलेले घर मुलगा व सूनबाई यांस देतो. दोघेही शासकीय सेवेत आहेत. अट एकच: माझ्या मृत्यूसमयी दोघांची कामाची वेळ एक असावी. नातीला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार माझ्या बचतीतून द्यावा. अट न पाळल्यास घर विकून रक्कम कर्मचाऱ्यांच्या पाळणाघरास द्यावी.

तीन. "बाईंनी कधी एकही रजा घेतली नाही," असे तिच्या शोकसभेत कौतुक करणाऱ्या अधीक्षकांस माझ्या अंत्यविधीस बोलावू नये.

चार. मसुदा वाचून मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं निभावलंच की!"

"निभावलं," मी म्हणालो. "तुझ्या आईला उजेडात नीट पाहिलं ते दवाखान्यात."

सूनबाई रडवेली झाली. "अट काढा ना, बाबा. अर्ज मंजूर झालाय. सोमवारपासून हे सकाळी, मी दुपारी. पिल्लाला परक्या हाती नाही द्यायचं मला."

अट काढलेली नाही. सोमवारपासून ती पूर्ण होणार नाही, याची नोंद असावी.

साक्षीदार: शेजारच्या निवृत्त परिचारिका, कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

स्थळ: पत्नीच्या नावे मिळालेले शासकीय निवासस्थान, दुसरा मजला.
दिनांक: तिच्या निवृत्तीचा ठरलेला दिवस.

ता. क.: सही केल्यावर निवासस्थान रिकामे केले. दाराला कुलूप लावले. किल्ल्यांचे दोन्ही जोड वसाहतीच्या देखभाल कारकुनास परत दिले.